पहिला प्याला आणि दुसरा माणूस

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. शंभर वर्षे उलटून गेली तरी दारूचा विषय निघाला की मराठी माणसाला सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही तीन नावे आठवतात. या नाटकातल्या एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. त्यात पिणाऱ्यांची एक संस्था आहे, तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. तिला सभासद आहेत, बैठका आहेत, भाषणे आहेत. त्या काळच्या सुधारणावादी सभांची गडकऱ्यांनी केलेली ती खट्याळ नक्कल आहे. सुधाकरला दारूपासून सुटावेसे वाटते तेव्हा त्याच्याभोवती कोण असते? पतिव्रता पत्नी आणि सज्जन मित्र. सगळी न पिणारी माणसे. पिणाऱ्यांसाठी मंडळ आहे, सोडणाऱ्यासाठी नाही.

सोडणाऱ्यांचे मंडळ ही कल्पना पुढे १९३५ साली अमेरिकेत रुजली आणि १९५७ मध्ये दिल्लीमार्गे भारतात आली. आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, गोवा येथे अशा सभा भरतात. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, रुग्णालयातली एखादी खोली, तीस-चाळीस खुर्च्या आणि चहा एवढाच त्यांचा संसार असतो. त्या कुठे भरतात, तिथे काय चालते, कोणाला जाता येते, हे मात्र सुशिक्षित घरांतही माहीत नसते. आमच्या घरात ती माहिती हवी होती तेव्हा कोणाकडेच नव्हती. ज्याच्यासाठी मी पहिली सभा शोधली, त्याच्याविषयी इथे लिहिणार नाही, ती गोष्ट सांगायची की नाही हे त्याने ठरवायचे. पण त्यानंतरची काही वर्षे खुल्या सभांना आणि कुटुंबीयांच्या सभांना मी बसत आले. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असा नियम आहे, म्हणून या लेखात कोणाची कहाणी नाही. सभेची रचना, तिचा इतिहास आणि तिथपर्यंत पोहोचण्याची वाट, एवढेच सांगते.

अ‍ॅक्रनमधली भेट

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस. दारूने धंदा आणि अब्रू दोन्ही गेल्यावर डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात दाखल झाला आणि त्याची दारू थांबली. पुढचे पाच महिने तो दारुड्यांना सुधारण्याच्या मागे लागला. त्यांतला एकही सुधारला नाही. मात्र या काळात त्याने स्वतः दारूला हात लावला नाही.

मे १९३५ मध्ये तो ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावी एका व्यवहारासाठी गेला. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या दर्शनी दालनात एकीकडे बार होता, दुसरीकडे टेलिफोन. त्याने टेलिफोन निवडला. गावातल्या चर्चना फोन लावून आपल्यासारखाच दारूत अडकलेला एखादा माणूस त्याने शोधायला घेतला. त्या शोधातून भेटले डॉ. बॉब स्मिथ, गावातले शल्यचिकित्सक. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही असे बजावून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. दारूचे शास्त्र त्यांना बिलपेक्षा जास्त कळत होते आणि उपदेश त्यांनी भरपूर ऐकला होता. समोरचा माणूस स्वतःविषयी बोलतो आहे, हा अनुभव नवा होता. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपी, या संघटनेचा तोच स्थापनादिन मानला जातो. सभासद तिला नुसते 'ए.ए.' म्हणतात.

या भेटीत महत्त्वाचा तपशील असा की बिल त्या दिवशी डॉक्टरांना वाचवायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो, हे तत्त्व पुढे १९६५ मध्ये फ्रँक रिसमन या अभ्यासकाने शास्त्रीय परिभाषेत मांडले. ए.ए.ची सगळी उभारणी त्यावरच झालेली आहे. इथे नवखा माणूस ओझे नसतो. दहा वर्षे दारूविना काढलेल्या माणसालाही त्याची गरज असते, कारण नवख्याच्या थरथरत्या हातांकडे पाहून त्याला आपला पहिला दिवस आठवतो.

संघटना टिकली कशी

असा प्रयोग याआधी झाला नव्हता असे नाही. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसलेल्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि 'वॉशिंग्टोनियन' चळवळ उभी राहिली. आपापले अनुभव सांगणाऱ्या या सभांना लोक लोटले, सभासद लाखांवर गेले आणि काही वर्षांत सगळे विरून गेले. दारूबंदीचे राजकारण आणि इतर वाद त्यात शिरले. पिणारे मागे पडले आणि व्यासपीठ पुढाऱ्यांकडे गेले.

ए.ए.ने १९४६ मध्ये मांडलेल्या आणि १९५० मध्ये स्वीकारलेल्या 'बारा परंपरा' वाचताना या इतिहासाची आठवण होते. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. सभेत टोपली किंवा पेटी फिरते, त्यात सभासद जमेल ते टाकतात. बाहेरच्या कोणाची देणगी घेतली जात नाही. संघटना दारूबंदीच्या बाजूने बोलत नाही आणि विरोधातही बोलत नाही. प्रत्येक गट स्वायत्त असतो. पुढारी नसतात, जबाबदाऱ्या ठरावीक काळाने फिरत राहतात. वृत्तपत्रांत आणि जाहीर व्यासपीठावर सभासद आपले पूर्ण नाव देत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली दारूबंदीविषयीची अलिप्तता खटकेल. आपल्याकडे व्यसनमुक्ती आणि दारूबंदी हे शब्द जोडीने येतात. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी जिल्ह्यांचा अनुभव, चंद्रपूरला २०१५ मध्ये आलेली आणि २०२१ मध्ये उठलेली बंदी, गावोगावच्या बायकांनी मतदानाने आडवी केलेली बाटली, हा आपला इतिहास आहे आणि त्याचे मोल कमी नाही. पण तो बाटलीचा इतिहास आहे. दुकान बंद झाले तरी ज्याचे शरीर दारूवाचून कापते, त्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. ए.ए. त्या एकाच प्रश्नापुरती राहते.

माळ, श्रावण आणि आजचा दिवस

दारू सोडण्याचे मराठी मार्ग ए.ए.च्या कितीतरी आधीचे आहेत. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य-मांस सुटते, ही वारकऱ्यांची रीत. माळ घेतलेल्या माणसामागे दिंडी, कीर्तन, एकादशी असा समाज उभा असतो आणि त्यामुळेच अनेकांची माळ टिकते. गाडगेबाबांच्या कीर्तनांनी हेच काम केले.

श्रावणाची गोष्ट वेगळी. आषाढ अमावास्येला मनसोक्त पिऊन महिनाभर न पिणारे हजारो आहेत. त्यांतले कित्येक खरोखरच व्यसनी नसतात. पण ज्याला व्यसन जडले आहे, तोही पुष्कळदा श्रावण पाळून दाखवतो आणि घरच्यांना सांगतो, 'बघा, मी ठरवले की सोडू शकतो.' घरचे हरखतात. त्याचे मन मात्र दिवस मोजत असते. मुदत संपली की उरलेली कसर भरून निघते. सोडणे आणि सुटलेले राहणे यांत फरक असतो, तो इथे दिसतो.

सभेत मुदतही नसते आणि आजन्म शपथही नसते. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या पाहू, एवढाच करार. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की माणूस अपराधाच्या भाराखाली आणखी पितो, हे व्यसनी माणसांच्या घरांना ठाऊक आहे. चोवीस तासांचा करार मोडला, तर पुन्हा चोवीस तासांपासून सुरुवात करता येते. सभेतले लोक याला 'स्लिप' म्हणतात आणि परत आलेल्याला खुर्ची देतात. टाळायचा असतो तो पहिला प्याला, कारण पाचवा टाळणे त्या माणसाच्या हातात नसते. गडकऱ्यांनी नाटकाच्या नावातच हे सांगून ठेवले आहे.

सभेत काय होते

सभा साधारण तास-दीड तासाची. टेबलामागे एक अध्यक्ष, तोही त्यांच्यातलाच. सुरुवातीला संघटनेची ओळख वाचली जाते. मग एकेक जण उठतो, आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो आणि बोलायला लागतो. सगळे त्याच्या नावाने त्याचे स्वागत करतात. याला 'शेअरिंग' म्हणतात. आधी काय होत होते, मग काय घडले, आता कसे चालले आहे, असा बोलण्याचा क्रम असतो.

बोलणाऱ्याला मध्ये कोणी अडवत नाही. प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, चुकले कुठे ते दाखवत नाही. आपल्या समाजात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते तिथे बसल्यावर कळते. दारुड्याशी सगळे बोलतात: आई, बायको, साहेब, डॉक्टर, शेजारचे काका. त्याचे शेवटपर्यंत कोणी ऐकलेले नसते. शिवाय ऐकणाऱ्याला आपली लाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. आपण एकट्यानेच केले असे वाटणारे काम शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त शिक्षकानेही केलेले असते. बाटली कपाटामागे लपवणारे घरोघर निघतात.

सभा दोन प्रकारच्या. खुल्या सभेला कोणीही बसू शकते: नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर. बंद सभा फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. काही सभांत एक-दोघेच सविस्तर बोलतात, काहींत 'बारा पायऱ्यां'पैकी एकीवर चर्चा होते. आपली असहायता मान्य करणे, आपल्या वागण्याचा हिशेब मांडणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची शक्य तिथे भरपाई करणे आणि हा निरोप दुसऱ्या मद्यपीपर्यंत नेणे, असा त्या पायऱ्यांचा सारांश. त्या चढताना जुना सभासद सोबत देतो, त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई असावी असा संकेत आहे. दारूविना काढलेल्या वर्षाचा वाढदिवसही साजरा होतो, बहुधा केक कापून आणि पुष्कळदा घरच्यांसमोर.

सभा कशी शोधावी

ए.ए.च्या भारतातल्या कामाचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे आणि संघटनेच्या संकेतस्थळावरून जवळच्या गटाची चौकशी करता येते. सरकारी रुग्णालयांचे मानसोपचार विभाग आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांच्याकडेही स्थानिक सभांची माहिती असते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या मदतवाहिन्यांवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्थांचे स्वतःचे पाठपुराव्याचे गटही आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये उभ्या केलेल्या या केंद्रात, बरे झालेले रुग्णमित्रच नव्या रुग्णांसोबत काम करतात. तत्त्व तेच: दुसरा माणूस.

फोन लागला की चार गोष्टी विचाराव्यात. सभा कोणत्या भाषेत चालते? खुली की बंद? वेळ आणि नेमकी जागा कोणती? आणि पहिल्यांदा येणाऱ्याला दाराशी कोणी भेटेल का? हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलेले अनेक असतात. फाटकापाशी कोणी उभे असेल तर पाऊल आत पडते.

ओळखीचे कोणी दिसेल ही भीती असेल तर दुसऱ्या उपनगरातली सभा गाठावी. पुष्कळ जण तसेच करतात. गावात ही सोय नसते, पण गावात पिणाऱ्याचे पिणे कोणापासून लपलेलेही नसते. पहिल्या दिवशी काहीही बोलले नाही तरी चालते, नाव सांगितले नाही तरी चालते. हजेरीपट नसतो. एका सभेत मन रमले नाही म्हणून सगळा विषय सोडू नये. गट वेगवेगळे असतात, कुठे कामगारांची गर्दी, कुठे इंग्रजी बोलणारे जास्त. तीन-चार ठिकाणी बसून पाहावे. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद सभा करा, असे जुने सभासद सांगतात. ते जमले नाही तरी निघताना दोन-तीन फोन नंबर घ्यावेत. पिण्याची ओढ सभेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही.

आधी डॉक्टर

सभेच्याही आधीची एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. हात कापणे, घाम, झोप उडणे इथून सुरुवात होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. काहींना दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, ताप चढतो. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वासह, काढावा लागतो. सभा हे काम करत नाही आणि तसा दावाही करत नाही.

दुसरा धोका भिंतीवरच्या जाहिरातींचा. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' असे रंगवलेले आपण सगळ्यांनी वाचले आहे. डायसल्फिराम हे खरे औषध आहे, पण ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. रुग्णाला माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच ते द्यायचे असते. भाजीत कालवून दिलेली पूड, तिच्यात काय आहे हे माहीत नसताना, प्रेमापोटी केलेला जीवघेणा प्रकार ठरू शकतो.

उपयोग होतो का?

अनामिक संघटनेचा अभ्यास अवघड. नोंदी नाहीत, आणि येणारे मुळात सोडायच्या तयारीनेच येतात, मग यश सभेचे की तयारीचे? 'कॉक्रेन' या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २००६ मधल्या आढाव्यात ठोस पुरावा मिळाला नव्हता. २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभराने पूर्ण दारूमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर वर्तनोपचारासारख्या इतर मान्य उपचारांत सुमारे ३५ टक्के आढळले. या आकड्यांची दुसरी बाजूही वाचावी. सर्वांत चांगल्या गटातही निम्म्याहून अधिक माणसे वर्षभरात कधीतरी प्यायली होती. म्हणूनच परत येणाऱ्याला खुर्ची ठेवण्याचा रिवाज हा निव्वळ मनाचा मोठेपणा नाही, आजाराच्या स्वभावाची ती ओळख आहे.

भारतापुरते बोलायचे तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्यांची संख्या पावणेतीन कोटींच्या वर आहे, आणि अशा ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारचे उपचार मिळाल्याचे आढळले. विनामूल्य आणि रात्री आठ वाजता भरणाऱ्या सभेचे महत्त्व या आकड्यासमोर ठेवून पाहावे.

आक्षेप

पायऱ्यांमध्ये ईश्वर येतो, सभेच्या शेवटी प्रार्थना होते. वारकरी कानाला शरणागती नवी नाही, पण महाराष्ट्रातल्या विवेकवादी माणसाला ती अडते. 'आपल्याला उमगलेला ईश्वर' अशी मोकळीक पायऱ्यांतच ठेवलेली आहे आणि अनेक नास्तिक सभासद समोर बसलेल्या गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. तेही पटत नसेल तर समुपदेशन आणि औषधोपचाराचे मार्ग आहेतच. एकच रस्ता सर्वांना लागू पडत नाही.

बायकांचा प्रश्न अधिक कठीण. राष्ट्रीय पाहणीत दारू घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आहे, पुरुषांचे २७ टक्क्यांहून अधिक. त्यामुळे सभेत पुरुषांची गर्दी असते आणि तिथे एकट्या बाईने उठून बोलणे सोपे नसते. पिणाऱ्या पुरुषाची कीव केली जाते, पिणाऱ्या बाईचे चारित्र्य काढले जाते. मोठ्या शहरांत केवळ स्त्रियांच्या काही सभा आहेत, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन सभा वाढल्याने ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशांना दार उघडले. फोन करणाऱ्या बाईने स्त्रियांच्या सभेविषयी आवर्जून विचारावे.

सिंधूची खुर्ची

बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये 'अल-अ‍ॅनॉन' ही कुटुंबीयांची संघटना सुरू केली. नवरे सभेत बसलेले असताना बाहेर थांबलेल्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या, त्यातून ती आकाराला आली. मुक्तांगणमध्येही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. या सभांत पिणाऱ्याला कसे सोडवावे याचे धडे नसतात. त्याचे पिणे तू लावलेले नाहीस, तुझ्या धाकाने ते थांबणार नाही आणि तुझ्या सेवेने ते बरे होणार नाही, हे तिथे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. आपण नवऱ्याच्या साहेबाला खोटे फोन करतो, उधाऱ्या फेडतो, ओकारी पुसतो आणि सकाळी काही घडलेच नाही असा चहा करतो. या सगळ्यामुळे त्याला आपल्या पिण्याचा परिणाम कधी दिसतच नाही, हे एका बाईला दुसऱ्या बाईकडून कळते. मार सोसण्याचा प्रश्न असेल तर सभा नव्हे, आधी सुरक्षितता आणि कायदा.

सिंधू एकटी होती. तिच्या सहनशीलतेला नाट्यगृहात टाळ्या आणि अश्रू मिळाले, आजही मिळतात. तिच्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खुर्ची आणि तिच्यासारख्याच दहा बायका असत्या तर काय झाले असते, असा विचार हे नाटक वाचताना मला आता करावासा वाटतो. पिणारा सभेला यायला तयार नसेल तरी घरच्या माणसाने जायला हरकत नसते. त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही, आणि पुष्कळ घरांत सुरुवात तिथूनच झालेली आहे.

दिवाळीत पाडव्याच्या पंगतीपासून नव्या वर्षाच्या पार्टीपर्यंत ग्लास पुढे करणाऱ्यांची कमी नसते. पुष्कळ गट सणाच्या दिवशीही आपली सभा चुकवत नाहीत. सणाच्या संध्याकाळी लवकर उठून निघालेल्या पाहुण्याला 'एवढ्यात कुठे?' असे विचारू नये आणि एकच घेण्याचा आग्रह तर मुळीच करू नये. त्याला सभा गाठायची असू शकेल.